ध्यानाने माणूस खरंच दयाळू होतो का? सुरुवात कोणत्या ॲपने करावी?

शांत होतो. दयाळू होईलच असं नाही. या दोन्ही गोष्टी एकच समजणारा माणूस आमच्या घरात आहे, म्हणून उत्तर लिहितेय.

माझा मोठा भाऊ रोज पहाटे तासभर ध्यानाला बसतो. आईला पक्षाघात झाला तेव्हा तो मदतीला म्हणून राहायला आला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्र माझी, पहाट त्याची, असं ठरलेलं. एका पहाटे आईच्या हाकांनी मलाच जाग आली. चादर ओली झाली होती. दादा शेजारच्या खोलीत डोळे मिटून ताठ बसलेला. सगळं आवरून मी समोर उभी राहिले, तर म्हणतो, "हाक ऐकली मी. मनात अस्वस्थता उठली, ती बघितली, विरून गेली." अरे, तुझी अस्वस्थता विरली, आईची चादर कुठे वाळली? वर मलाच, "तू फार रिॲक्ट होतेस."

त्यानंतर आमचं भांडण लिंका पाठवून चाललं. त्याने 2013 चा बोस्टनमधला एक प्रयोग पाठवला. प्रतीक्षाखोलीत एक बाई कुबड्यांवर, कण्हत येते. आठ आठवडे ध्यान केलेल्यांपैकी निम्मे तिला जागा द्यायला उठले, न केलेल्यांपैकी 16 टक्के. मी कळवलं, निम्मे बसूनच राहिले की! आणि माणसं एकूण जेमतेम 39. मग मी 2021 चा बफेलो विद्यापीठातला पाठवला. त्यात, स्वतःला इतरांशी बांधलेलं मानणारे लोक माइंडफुलनेसच्या, म्हणजे श्वासाकडे आणि मनात येईल त्याकडे नुसतं लक्ष ठेवण्याच्या, छोट्या सत्रानंतर मदतीला जास्त पुढे आले, पण 'माझं मी बघेन' म्हणणारे उलट मागे सरले. म्हणजे मुळात जे असतं त्यालाच जोर चढतो. यावर दादाने नुसता अंगठा पाठवला.

ध्यानावर माझा राग नाही. आईला उचलून उचलून माझी कंबर धरली, तेव्हा मीही शिकले. जॉन कबात-झिन या अमेरिकी ध्यानशिक्षकाने 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये माइंडफुलनेसचा कोर्स सुरू केला, तोही मुख्यतः जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी. पाठीवर पडून पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवायचं. दुखणं तेवढंच राहतं, चरफड कमी होते. मला तेवढं पुरतं.

करुणाच हवी असेल तर मैत्रीभावना करा. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग जवळच्याचं, मग अनोळखी माणसाचं, शेवटी जो डोक्यात जातो त्याचं. शेवटच्या पायरीला माझ्यासमोर दादाच येतो. कधीकधी मी ती पायरी गाळते.

ॲप कोणतंही घ्या, श्वास तुमचाच असतो. पण घरात कुणी आजारी असेल तर बसायची वेळ त्यांची सेवा करणाऱ्याला विचारून ठरवा, आणि हाक आली की उठा. ध्यान मोडतं वगैरे सांगणाऱ्यांना एक आठवडा रात्रपाळी द्या.

हो, एक राहिलं. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर ध्यानाच्या भरवशावर त्या बंद करू नका. मनावर जुना मोठा आघात असेल तर थेट मौनाच्या शिबिरालाही जाऊ नका. काहींना डोळे मिटल्यावर त्रास वाढतो. त्यांनी डोळे उघडे ठेवून चालत करावं, तेही जाणकाराला विचारून.