आईबाबांना घेऊन हाँगकाँगमध्ये टॅक्सी न करता फिरता येईल का?

येईल, अगदी आरामात येईल. फक्त सगळे सांगतात तसं नुसत्या मेट्रोवर विसंबू नका.

तुम्ही लिहिलंय की बाबा ७३ चे, आई ६८ च्या, आईंचे गुडघे दुखतात, हॉटेल चिम शा चुईला (म्हणजे हार्बरच्या कौलून बाजूला) आहे, दिवाळीनंतर पाच दिवस जाताय आणि रोज टॅक्सी परवडणार नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी साडेतीन वर्षं तिथे राहिले. त्या काळात एकदा सासूबाई येऊन गेल्या आणि एकदा माझे आईबाबा. सासूबाईंच्या वेळी मी मेट्रोने फिरवलं आणि तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मी आज खोलीवरच बसते, तुम्ही जाऊन या." आईबाबांच्या वेळी शहाणी झाले होते. खालचं सगळं त्या दोन वेळांच्या फरकातून आलंय.

मेट्रोत वाईट काहीच नाही. १९७९ पासून चालू आहे, दर दोन-चार मिनिटांनी गाडी, स्वच्छ, गार, पाट्या इंग्रजीतही. अडचण गाडीत नाही, गाडीपर्यंत पोचण्यात आहे. ॲडमिरल्टी स्थानकात चार मार्ग एकमेकांखाली येतात. एका फलाटावरून दुसऱ्यावर जायला सरकत्या जिन्यांची रांगच लागते, आणि ते जिने आपल्या मॉलमधल्यांपेक्षा बरेच जोरात पळतात. सासूबाई पहिल्या पायरीपाशी थबकायच्या आणि मागे माणसं तुंबायची. हार्बरपलीकडे हाँगकाँग बेटावर सेंट्रल आणि हाँगकाँग ही नकाशावर जोडलेली दोन स्थानकं आहेत, पण मधे चांगली लांब चाल आहे. चिम शा चुई आणि ईस्ट चिम शा चुई यांचंही तेच: जमिनीखालून चालतच राहायचं.

लिफ्ट असते, पण प्रत्येक दारापाशी नाही. दारांना ए१, बी२, डी१ अशी नावं असतात आणि नेमकं दार कुठलं हे आधी बघून ठेवलं नाही तर फसगत होते. एकदा आम्ही नेथन रोडच्या चुकीच्या बाजूला बाहेर आलो. समोर आमचं हॉटेल दिसतंय, पण फुटपाथला कठडे, मधूनच रस्ता ओलांडायची सोय नाही. पुढच्या सिग्नलपर्यंत जाऊन परत यायचं. आपल्याला हे पाच मिनिटांचं काम, दुखऱ्या गुडघ्यांना ती शिक्षा. म्हणून जायच्या ठिकाणाच्या नावाबरोबर दाराचं अक्षरही लिहून घ्या, आणि तिथे लिफ्ट आहे का ते स्थानकातल्या नकाशावर बघा. आणखी एक: फलाटावर आणि गाडीत खाणंपिणं बंद आहे, पाण्याचा घोटसुद्धा नाही. आईंना गोळ्या घ्यायच्या असतील तर आत शिरण्याआधी.

पोचल्याबरोबर प्रत्येकासाठी एक ऑक्टोपस कार्ड घ्या. हे कार्ड १९९७ पासून आहे आणि मेट्रो, बस, ट्राम, फेरी, हिरवी मिनीबस, दुकानं, सगळीकडे चालतं. तिघांत एक चालत नाही, माणशी एक लागतं. शिल्लक कमी झाली की सेव्हन-इलेव्हनमध्ये रोख पैसे देऊन भरून मिळतं. अनामत ठेवीचं कार्ड परत केलं की ठेव आणि उरलेले पैसे मिळतात, लवकर परत केलंत तर थोडे कापून. पर्यटकांसाठी म्हणून जे विकतात त्याची किंमत मात्र परत मिळत नाही, तेव्हा घेताना विचारा. बसमध्ये सुटे परत देत नाहीत, त्यामुळे कार्ड नसेल तर दर वेळी नाणी मोजत बसावं लागतं. हाँगकाँगचा एक डॉलर साधारण अकरा रुपयांच्या आसपास धरा, हिशोब सोपा जातो.

विमानतळावरून एअरपोर्ट एक्स्प्रेस २४ मिनिटांत हाँगकाँग स्थानकात नेते. पण ती महाग आहे, आणि तुम्हाला चिम शा चुईला जायचंय, म्हणजे उतरून पुन्हा काहीतरी करणं आलंच. त्यापेक्षा ए२१ नंबरची दुमजली बस घ्या. ती थेट नेथन रोडवरून जाते. खाली बॅगांसाठी मांडणी असते, वेळ तासभर लागतो, भाडं एक्स्प्रेसच्या निम्म्याहूनही बरंच कमी. वाटेत चिंग मा पूल लागतो, तो बसच्या वरच्या मजल्यावरून बघण्यासारखा आहे. बाबांना वर बसवा, आई खालीच बऱ्या. बस चालू असताना तो जिना चढणं-उतरणं आपल्यालाही जड जातं.

शहरातल्या बसबद्दल पर्यटक उगाच घाबरतात. नंबर खूप आहेत हे खरं, पण हार्बर ओलांडणाऱ्या बसच्या नंबरांत एक युक्ती आहे. तीन आकडी नंबर १ ने सुरू होत असेल तर ती बस १९७२ च्या जुन्या क्रॉस-हार्बर बोगद्यातून जाते, ६ ने सुरू झाला तर पूर्वेच्या बोगद्यातून, ९ ने तर पश्चिमेच्या. म्हणजे नंबर बघूनच ती पलीकडे साधारण कुठे निघेल याचा अंदाज येतो. थांब्यावर रांग असते, ती मोडू नका. आपला नंबर आला की हात दाखवायचा, नाहीतर ड्रायव्हर पुढे निघून जातो. पुढून चढायचं, कार्ड टेकवायचं, मधल्या दाराने उतरायचं. भाडं तुम्ही कुठे उतरणार यावर नसतं, कुठे चढलात यावर असतं. लांब पल्ल्याच्या बसमध्ये पहिल्या थांब्यावर चढून दुसऱ्याला उतरलात तरी पूर्ण मार्गाचे पैसे कापले जातात, आणि तीच बस शेवटच्या टप्प्यात पकडली तर स्वस्त पडते. आणि शाल ठेवा. बाहेर घाम आणि बसमध्ये एसी असा जोरात की माझे बाबा म्हणाले, "महाबळेश्वर बरं."

आता ज्या वाहनासाठी मी हे लिहायला बसले ते. स्टार फेरी तुमच्या हॉटेलपासून चालत जाण्याइतकी जवळ असेल. चिम शा चुईहून सेंट्रलला जायला आठ-दहा मिनिटं, भाडं जेमतेम पाच-सात डॉलर. हिरव्या-पांढऱ्या बोटी, प्रत्येकीच्या नावात 'स्टार'. लाकडी बाकांची पाठ पुढेमागे ढकलता येते. बोट वळत नाही, आपणच पाठ उलटी करून तोंड फिरवून बसायचं. धक्क्याला लागताना निळ्या गणवेशातला खलाशी आकडीच्या काठीने दोर ओढून घेतो, ते बघायला आमचे बाबा दर वेळी कडेची जागा धरायचे.

ही फेरी सुरू करणारा माणूस मुंबईचा होता. दोराबजी नौरोजी मिठाईवाला, पारशी. १८८८ साली त्यांनी कंपनी काढली, तेव्हा तिचं नाव कौलून फेरी होतं, स्टार फेरी हे नाव १८९८ मध्ये पडलं. चिम शा चुईत मोडी रोड नावाचा रस्ता आहे, तो हरमसजी मोडींचा, तेही मुंबईत जन्मलेले पारशीच. मी हे बोटीत सांगितलं तर बाबांनी पूर्ण हार्बरकडे असं बघितलं की जणू आपल्याच चुलत्याची मालमत्ता आहे.

बोटीवर चढायची फळी भरती-ओहोटीप्रमाणे कमीजास्त उतरती होते, तेव्हा आईंचा हात धरा. बाकी त्रास नाही. पलीकडे सेंट्रलच्या धक्क्यांजवळूनच १५ नंबरची बस पीकवर, म्हणजे डोंगरमाथ्यावर जाते. पीक ट्रामही १८८८ ची आहे आणि तीव्र चढावर दोरीने ओढली जाणारी म्हणून गंमत आहेच. पण तिथल्या रांगेत आम्ही सव्वा तास उभे होतो आणि चढायला लागली दहा मिनिटं. तिकीटही बसच्या कितीतरी पट. बसला पाऊण तास लागतो, पण बसायला मिळतं आणि वळणावळणावर खाली इमारती दिसत राहतात. माझं मत विचाराल तर जाताना-येताना दोन्ही वेळा बस. बाबांनी हट्ट धरला तर उतरताना पीक ट्राम घ्या.

आणि साधी ट्राम. हाँगकाँग बेटाच्या उत्तर किनाऱ्याने केनेडी टाउनपासून शाऊ केई वानपर्यंत, १९०४ पासून. लोक तिला 'डिंग डिंग' म्हणतात. कुठेही चढा, कुठेही उतरा, भाडं एकच, तीन-साडेतीन डॉलर. मागून चढायचं, पुढून उतरताना पैसे. बहुतेक गाड्यांना एसी नाही, खिडक्या उघड्या, तुम्ही जाताय त्या हवेत हेच छान. थांबे रस्त्याच्या मधोमध असतात, आणि वर जायचा जिना अरुंद, वळणाचा आहे. आईंना तो जमेलसं वाटत नाही. खालची बाकं मात्र आडवी, कडेने असतात आणि तिथून फारसं दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवते. आम्ही मधला मार्ग काढला: ट्राम सुरू होते तिथे, गाडी उभी असतानाच आईला हळूहळू वर नेलं आणि शेवटच्या थांब्यापर्यंत कुणी उठलोच नाही. दीड तास लागला.

माझे बाबा दादरला वाढलेले. मुंबईतली शेवटची ट्राम १९६४ च्या मार्चमध्ये बंद झाली तेव्हा ते शाळेत होते. दादर टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस हे मला लहानपणापासून ऐकून पाठ होतं, पण ट्रामच्या घंटेचा आवाज म्हणजे काय ते त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर कळलं. मासळीबाजार, सुक्या मासळीची दुकानं, बांबूच्या पराती, काचेचे मनोरे, सगळं खिडकीच्या उंचीवरून. एका ठिकाणी आईने सुकटीचा वास ओळखून नाक वर केलं. पाच दिवसांतला त्यांचा सगळ्यात आवडता दीड तास तोच होता, आणि खर्च माणशी चाळीस रुपयांच्याही आत.

लांताऊ बेटावर मोठा बुद्ध बघायला जाणारच असाल तर तिथे मेट्रोच घ्या. वाटेत लाय किंगला गाडी बदलून तुंग चुंगपर्यंत जाता येतं, पुढे केबल कार किंवा २३ नंबरची बस. मूर्तीपाशी जायला २६८ पायऱ्या आहेत, पण ती ३४ मीटर उंच आहे, खालच्या मठाच्या अंगणातूनही भरपूर दिसते. रविवारी जाऊ नका: त्या बेटावरच्या बसचं भाडं रविवारी वाढतं आणि गर्दीही. वाँग ताय सिनच्या देवळाचं मेट्रो स्थानक दारातच आहे, तिथेही मेट्रो ठीक. स्टॅनलीला मात्र सेंट्रलहून ६ नंबरची बस, ती डोंगरातल्या जुन्या रस्त्याने जाते. झाडाच्या फांद्या वरच्या मजल्याच्या काचेवर आपटतात, मुलं किंचाळतात. गाडी लागणाऱ्यांनी आधी गोळी घ्यावी.

सेंट्रलहून वर जाणारा तो प्रसिद्ध सरकता जिना, आठशे मीटरचा, सकाळी दहापर्यंत खाली येतो आणि नंतर मध्यरात्रीपर्यंत वर जातो. म्हणजे दुपारी वर गेलात की खाली उतरायचं पायांनी. हे कुणी सांगत नाही. आम्हाला वर पोचल्यावर कळलं.

मिनीबस दोन रंगांच्या. हिरवीचा मार्ग आणि भाडं ठरलेलं, ती घ्यायला हरकत नाही. लाल मिनीबस तुम्हाला लागणार नाही: थांबे ठरलेले नसतात, उतरायचं तर "याऊ लोक" असं ओरडावं लागतं आणि ड्रायव्हर विमान चालवल्यासारखी चालवतात.

टॅक्सी एकदोनदा करावीच लागेल, रात्री जेवून परतताना वगैरे. लाल टॅक्सी पकडा, रोख जवळ ठेवा, आणि हॉटेलचं नाव-पत्ता चिनी अक्षरांत फोनवर ठेवा. इंग्रजी नाव सांगून आम्ही एकदा भलत्याच रस्त्यावरच्या त्याच नावाच्या इमारतीपुढे उतरलो होतो. शक्यतो फेरीने कौलून बाजूला या आणि मग टॅक्सी करा, म्हणजे बोगद्याचा टोल वाचतो.

निघताना कार्डं विमानतळावरच परत करता येतात. आमच्या बाबांनी त्यांचं केलं नाही. त्यात अठरा डॉलर शिल्लक आहेत म्हणे, आणि ते आमच्या दादरच्या घरी रेल्वेच्या पासच्या पाकिटात, पासच्या मागे ठेवलेलं आहे.