शेवटचं जेवण बहुतेक वेळा निर्दोष असतं

तुम्ही विचारलंय की जुलाब-उलट्यांची साथ आली की आरोग्य खात्याची माणसं आठवडाभराचं खाणं का विचारत बसतात, रात्रीचंच जेवण बाधलंय हे दिसत असताना. बरीच वर्षं साथींच्या तपासात काढलीत म्हणून सांगते, रात्रीचं जेवण बाधलं असं प्रत्येक पेशंट म्हणतो आणि बऱ्याचदा ते चुकीचं निघतं.

स्टॅफ (स्टॅफिलोकोकस) या जंतूचं विष खाल्ल्यावर 1 ते 6 तासात उलट्या करवतं, तिथे तुमचा अंदाज बरोबर, पण नोरोव्हायरसला 12 ते 48 तास लागतात, साल्मोनेला काही तासांपासून 6 दिवसांपर्यंत कधीही, आणि लिस्टेरिया तर कधीकधी दोन महिन्यांनी उगवतो, तेव्हा काय खाल्लं होतं ते कोणाच्या बापाला आठवणारे!

आणि हो, आम्ही धडधाकट लोकांनाही छळतो. समजा एक पदार्थ खाल्लेल्या 40 पैकी 30 आजारी पडले आणि न खाल्लेल्या 20 पैकी फक्त 2, तर संशय तिथे जातो. नुसते आजारी लोक विचारले तर सगळ्यांनी पाणीही प्यायलेलं असतं, मग धरा पाण्याला.

2011 ची जर्मनीतली ई. कोलाय या जंतूची साथ बघा, 3800 च्या वर लोक आजारी, 50 हून जास्त मृत्यू. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला, तिकडच्या शेतकऱ्यांचं उगाच नुकसान झालं. खरे दोषी होते मोड आलेले मेथीदाणे, पण ते सॅलडवर चिमूटभर टाकलेले, त्यामुळे पेशंटपैकी फार थोड्यांना आठवले. मग तपास करणाऱ्यांनी डोकं लावलं, लोकांना काय खाल्लं विचारण्याऐवजी कुठली डिश मागवली ते विचारलं, बिलं आणि टेबलावर काढलेले फोटो तपासले आणि त्या डिशमध्ये काय काय पडतं ते थेट आचाऱ्याला विचारलं. तिथे मोड सापडले. मला तर अजूनही हा तपास सगळ्यात भारी वाटतो, लॅबवाले जिनोमचं, म्हणजे जंतूची सगळी जनुकं वाचण्याचं, कितीही कौतुक करोत (ते काम मोठंच आहे, दूरदूरच्या केसेस एकाच जंतूच्या आहेत हे त्यातूनच कळतं).

पण शौचाचा नमुनाच दिला नाही तर लॅब तरी काय करणार? बहुतेक लोक डॉक्टरकडे जातच नाहीत, गेले तरी गोळ्या घेऊन घरी, म्हणून नोंदीतले आकडे नेहमी तोकडे. तेव्हा पुढच्या वेळी अँटिबायोटिक सुरू करण्याआधी नमुना द्यायचा का ते डॉक्टरांना विचारा, आणि उरलेलं अन्न फेकू नका, झाकून फ्रिजमध्ये ठेवा, वर मोठ्या अक्षरात 'खाऊ नये' लिहून, नाहीतर घरातलं कोणीतरी गरम करून खातंच.