प्रदर्शनातल्या स्टॉलवर मशीन प्रत्यक्ष चालवून दाखवावं का, की व्हिडिओ पुरेल?

तुम्ही लिहिलंय की तुमची कंपनी पाउच सील करण्याची मशिनं बनवते, औद्योगिक प्रदर्शनात पहिल्यांदाच स्टॉल घेतलाय, आणि लोक घोळका करून बघतात पण चौकशी न करता निघून जातात असं तुमच्या कानावर आलंय. म्हणून डेमो ठेवावा की टीव्हीवर व्हिडिओ लावून माहितीपत्रकं वाटावीत, हा प्रश्न.

डेमो ठेवाच. मी बरीच वर्षं प्रदर्शनांमध्ये मशिनांशेजारी उभी राहून हेच काम करत आले आहे. लोक बघून निघून जातात त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: त्यांच्या मनात जी शंका असते ती सोडून बाकी सगळं त्यांना दाखवलं जातं. वेग किती, पॅनल कसं, बॉडी कुठल्या स्टीलची. हे तर माहितीपत्रकातही असतं.

लिफ्ट बनवणाऱ्या एलिशा ओटिसचं उदाहरण घ्या. १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात त्याने आपला सुरक्षित पाळणा दाखवला. दोराने माल वर चढवणारे पाळणे लोकांना नवे नव्हते, त्यांचं भय होतं ते दोर तुटण्याचं. ओटिस स्वतः त्या फळीवर उभा राहिला, फळी उंच चढवायला लावली आणि सगळ्यांसमोर दोर कापायला सांगितलं. ताण जाताच वरची स्प्रिंग मोकळी झाली, बाजूच्या दातेरी पट्ट्यांमध्ये अडकली आणि फळी जराशी घसरून जागीच थांबली. पाळणा वर कसा छान चढतो हे दाखवण्यात त्याने वेळ घालवला असता, तर गर्दी बघून पुढे गेली असती. १८५७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका दुकानात त्याची माणसं नेणारी लिफ्ट बसली.

म्हणून डेमो ठरवण्याआधी तुमच्या विक्रीवाल्यांना बसवा आणि एवढंच विचारा, की सौदा कुठल्या वाक्यावर अडतो? पाउच सीलिंगमध्ये मला सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "आमची पावडर बारीक आहे, तोंडाशी उडते, मग सील लीक होतं." ही खरी अडचण आहे. वितळलेल्या दोन थरांच्या मध्ये कण अडकले की तिथे सूक्ष्म वाट राहते आणि डोळ्यांना सील अगदी व्यवस्थित दिसतं.

मग दाखवायचं तेच. पाण्याने भरलेलं पारदर्शक भांडं टेबलावर ठेवा. आधी एक सील केलेलं पाउच घ्या, त्याला टाचणीने भोक पाडा आणि पाण्याखाली दाबा. बुडबुड्यांची बारीक माळ वर येते. हे आधी करायचं, कारण चाचणी लीक पकडते हे समोरच्याला पटल्याशिवाय पुढच्या पाउचला अर्थ नाही. त्यानंतर तोंडाशी मुद्दाम पावडर लागलेलं पाउच तुमच्या मशीनमधून काढा. टेफ्लॉनच्या दोन बेल्टमधून तोंड सरकतं, तापलेल्या पट्ट्यांपाशी वितळतं, थंड पट्ट्यांपाशी घट्ट होतं, चाकाखाली दाबलं जातं आणि बाहेर येतं. ते पाउच पाहुण्याच्या हातात द्या आणि त्यालाच पाण्यात दाबू द्या. अर्थात, पावडर लागूनही तुमचं मशीन खात्रीने सील करत असेल तरच हे करा. नसेल, तर जे नक्की जमतं तीच शंका निवडा.

पाहुण्याच्या हाताला काम देण्यावर मी इतका भर देते, कारण तिथूनच बोलणं सुरू होतं. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनात बेलने टेलिफोन दाखवला तेव्हा ब्राझीलचा सम्राट दुसरा पेद्रू याने रिसीव्हर स्वतःच्या कानाला लावला. तारेतून आवाज येतो असं नुसतं सांगून परीक्षक हलले नसते. तुमच्या स्टॉलवरही हात बांधून उभा असलेला माणूस पाउच दाबून बघतो, आणि वर पाहून विचारतो, "आमचं लॅमिनेट यापेक्षा जाड आहे, चालेल का?" (लॅमिनेट म्हणजे पाउचची अनेक थरांची फिल्म.) या क्षणी तो नुसता बघ्या राहिलेला नसतो, पुरवठादाराशी बोलू लागलेला असतो.

म्हणूनच निमंत्रणं पाठवताना लिहा की तुमची पाउचं घेऊन या. हे धाडसाचं काम आहे, हे मान्य. अनोळखी फिल्म आली की तापमान, दाब आणि वेग, तिन्ही जुळवावे लागतात. जाड लॅमिनेटच्या तापमानावर पातळ पॉलिथिन घातलं तर ते आकसतं, सुरकुततं. पण सेटिंग बदलताना तुमचा ऑपरेटर काय करतोय हे बघणं पाहुण्याला सगळ्यात मोलाचं वाटतं. उद्या त्याच्याकडेही हेच होणार असतं. पहिलं सील बिघडलं तर पाउच टेबलाखाली लपवू नका. "तापमान जास्त झालं, कमी करतो" असं सांगा आणि दुसरं काढून दाखवा.

आता मांडणी. मशीन स्टॉलच्या मागच्या भिंतीशी ठेवू नका. अनोळखी स्टॉलच्या आत पाऊल टाकायला लोक बिचकतात, पण वाटेच्या कडेला सहज थांबतात. पाउच बाहेर पडण्याची बाजू वाटेकडे असावी. मात्र थोडी जागा आत सोडा, नाहीतर गर्दी वाटेत साचते आणि आयोजक येऊन हटकतात. गरम भागापर्यंत कुणाचा हात, विशेषतः लहान मुलाचा, पोचणार नाही याची व्यवस्था हवीच.

एक फेरी दोन-तीन मिनिटांत संपली पाहिजे. दर तासाला मोठा कार्यक्रम करण्यापेक्षा सतत चालू राहणारा छोटा डेमो मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण कामाचा माणूस तुमच्या वेळापत्रकाने येत नाही. माणसं निदान दोन ठेवा. एक मशीनवर, दुसरा लोकांकडे बघणारा. मशीन चालवणाऱ्यालाच बोलायला आणि कार्ड घ्यायला लावलं तर तिन्ही कामं अर्धवट होतात. दुसऱ्याने डेमो सुरू होण्याआधीच एक प्रश्न विचारायचा: "तुम्ही काय पॅक करता?" उत्तर मिळालं की पुढची दोन मिनिटं त्या मालाबद्दल बोलायचं. काहीच पॅक करत नसेल, तर त्याला आनंदाने बघू द्या, पण वेळ शेजारच्या माणसाला द्या.

गर्दी जमवण्यासाठी जादूगार किंवा बक्षिसाचं चक्र आणायचा सल्ला कुणी देईल. मी देणार नाही. त्याने लोक जमतात, पण ते बक्षिसाचे असतात, आणि ज्याला खरंच मशीन हवंय तो त्या गर्दीमागून निघून जातो.

वीज आणि इंटरनेट यांवर फार विसंबू नका. किती लोड लागेल ते आयोजकांना आधीच लेखी कळवा, हीटर तापायला वेळ लागतो म्हणून दार उघडण्याआधी मशीन चालू करा, आणि सुटा बेल्ट, हीटर, फ्यूज सोबत ठेवा. पॅनलवरचं काही ऑनलाइन चालत असेल तर ते जोडणीशिवाय चालेल अशी सोय करा. २०१० मध्ये आयफोन ४ दाखवताना खुद्द स्टीव्ह जॉब्सच्या हातातल्या फोनवर पान उघडेना, कारण सभागृहात वायफायची उपकरणं प्रचंड झाली होती. शेवटी त्याला प्रेक्षकांनाच वायफाय बंद करायला सांगावं लागलं. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये दुपारनंतर हीच अवस्था असते.

डेमो झाल्याबरोबर नोंद करा. नुसतं कार्ड डब्यात टाकू नका, त्याच्या मागे माल, फिल्मची जाडी आणि त्याने बोलून दाखवलेली शंका लिहा. पाहुण्याने स्वतः सील करून घेतलेल्या पाउचवर मशीनचं मॉडेल आणि त्या वेळचं तापमान मार्करने लिहून ते त्याला द्या. माहितीपत्रक पिशवीच्या तळाशी जातं, हे पाउच मात्र तो आपल्या कारखान्यातल्या माणसाला दाखवतो, आणि फोन बऱ्याचदा त्या माणसाचा येतो.

राहिला व्हिडिओ. तो लावा, पण जे स्टॉलवर आणता येत नाही त्याच्यासाठी: भरण्यापासून खोक्यात जाण्यापर्यंतची पूर्ण लाइन, किंवा एखाद्या ग्राहकाच्या कारखान्यात दिवसभर चालणारं मशीन, अर्थात त्याची परवानगी घेऊन. आवाज बंद ठेवा, अक्षरं मोठी ठेवा, आणि टीव्ही डेमोच्या शेजारी नव्हे तर आत, जिथे तुम्ही बसून कोटेशनबद्दल बोलणार आहात तिथे लावा.