शेवटचं कडवं

प्रश्न : मागल्या अंकात ‘टिन रूफ ब्लूज’ ह्या जुन्या अमेरिकन जॅझ रचनेबद्दल लिहिताना तुम्ही शिकागोच्या वॉल्टर मेलरोजला ‘प्रकाशक आणि गीतकार’ म्हटलंत. हा माणूस खरंच गाणी लिहायचा का? मी जाखडीचा, म्हणजे आपल्या कोकणातल्या नाचगाण्याचा शाहीर, शक्ती-तुऱ्यातला तुरेवाला. पंचवीसेक वर्षांपूर्वी मुंबईच्या एका कॅसेटवाल्याने माझी सहा गाणी घेतली, पाच हजार हातावर ठेवले, पावतीवर सही घेतली. कॅसेट आली तर ‘गीत’ म्हणून त्याचंच नाव! आता तीच गाणी यूट्यूबवर वाजतात.
– एक शाहीर, गुहागर तालुका

उत्तर : शाहीर, रामराम. लिहायचा, पण कधी लिहायचा ते बघा. मार्च १९२३ मध्ये न्यू ऑर्लीन्स रिदम किंग्ज हा बँड इंडियाना राज्यातल्या रिचमंडला, जेनेट कंपनीच्या स्टुडिओत गेला. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांना लागून, गाडी धडधडली की काम बंद. तिथे त्यांनी ‘टिन रूफ ब्लूज’ वाजवलं, नुसतं वाद्यांवर. ते छापून विकणार मेलरोज बंधू. छापील प्रतीवर शब्द आले आणि शब्दांखाली वॉल्टरचं नाव.

ह्याला शुद्ध लबाडी म्हणवत नाही. तेव्हा घरोघरी पियानो होते आणि गाता येईल असा कागद जास्त खपायचा. पण गीतकार झालं की प्रकाशकाच्या वाट्यावर आणखी एक वाटा मिळतो, आणि ते शब्द कुणी गायले नाहीत तरी वाटा चालूच. जॅझ पियानोवादक जेली रोल मॉर्टनची ‘किंग पोर्टर स्टॉम्प’ ही रचना ह्याच मेलरोजकडे होती. १९३५ मध्ये बेनी गुडमनच्या बँडने ती गाजवली, तेव्हा मॉर्टनचे दिवस फिरले होते. मेलरोजने आपले पैसे बुडवले, असं मॉर्टन शेवटपर्यंत सांगत राहिला. १९४१ मध्ये गेला. दुसरी बाजूही सांगायला हवी : मॉर्टनची गाणी छापून गावोगावच्या बँडांच्या हाती दिली तीही मेलरोजनेच. असली माणसं पुरती वाईट नसतात, तिथेच तर पंचाईत होते.

‘टिन रूफ’ची गंमत पुढेच आहे. १९५४ मध्ये त्याच चालीवर नवे शब्द बसवून जो स्टॅफर्ड ह्या गायिकेने ‘मेक लव्ह टू मी’ गायलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. एका गाण्याला रचनाकार किती? आठ! आमच्याकडे होळीच्या पालखीलाही एका वेळी इतके खांदे लागत नाहीत. त्या आठांत वॉल्टर होताच.

आता तुमचं. माझं चिपळूणला कॅसेटचं दुकान होतं. तुमच्यासारख्या कॅसेटी मी गणपतीच्या आधी गठ्ठ्याने विकल्यात, त्यामुळे थोडं पाप माझ्याही माथी. तेव्हा गिऱ्हाईक विचारायचं, “अहो, ह्यात शाहिराचं नाव कसं येत नाही?” आपल्याकडे शेवटच्या कडव्यात गुरूचं घराणं आणि शाहिराचं नाव येतं. पाठ करणाऱ्याच्या तोंडूनही ते सुटत नाही. मेलरोजला नाव लावायला शब्द जोडावे लागले. तुमच्या कॅसेटवाल्याला शब्द कापावे लागले असणार. कॅसेट लावून बघा, शेवटचं कडवं आहे का.

ती पावती शोधा. गाण्याचा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर आपल्या कॉपीराइट कायद्याने तो लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. हक्क विकला तरी ‘हे मी लिहिलं’ म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो, तो कलम ५७ मध्ये आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराचा रॉयल्टीतला वाटाही सोडून देता येत नाही असा केला, पण तुमचा व्यवहार त्याआधीचा, म्हणून त्या मुद्द्यावर वकिलाचं मत घ्या. गाणी लिहिलेली जुनी वही असेल तर तिला वाळवी लागू देऊ नका. पावसाळ्यात पत्र्याच्या पेटीत ठेवा, आधी झेरॉक्स काढा. गीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे, तिचं सभासदत्व घ्या.

आणि ती सहा कडवी आम्हाला पाठवा. गणपतीच्या अंकात छापतो, नावासकट.