सोलापुरात दोघी मैत्रिणी मिळून शेंगाचटणी-कडक भाकरीचा व्यवसाय: मालकी कोणाच्या नावावर, पैसा कुठून?

ताई, कर्जाच्या आधी मालकीचं ठरवा. मैत्रीण कितीही जवळची असली तरी भागीदारीचा करार लेखी करा. वाटा ठरलेला नसेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नफा-तोटा समसमान धरतात, मग कोणी जास्त पैसे घातले होते ते विचारात येत नाही. पहाटे उठून भाकऱ्या कोण थापणार, हेही लिहा. माझ्या मते भांडणं तिथूनच सुरू होतात.

पीएमईजीपी, म्हणजे नव्या उद्योगाला कर्जासोबत अनुदान देणारी केंद्राची योजना. तिचं अनुदान भागीदारी संस्थेला मिळत नाही. अर्ज एकीच्याच नावाने लागतो आणि उद्योग नवा हवा. महिलेला शहरात प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान असतं, स्वतःचे ५ टक्के घालायचे. पण ते लगेच हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं. त्यामुळे हप्ता पूर्ण कर्जाचा धरूनच हिशेब करा.

दोघींच्या नावाने हवं असेल तर पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना बघा, तिथे भागीदारी चालते. चौकशी कृषी कार्यालयात. पीएमईजीपीसाठी जिल्हा उद्योग केंद्र. नवे अर्ज घेतायत का, ते आधी विचारा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत आहे, एजंटाला एक रुपयाही देऊ नका.