वाचकांचे प्रश्न: सुपरचार्जरवाल्या गाडीला इलेक्ट्रिक वॉटर पंप लावू का?

प्रश्न: नमस्कार सर, माझ्याकडे जुनी मिनी कूपर एस आहे, आर५३, सुपरचार्जरवाली (म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा ब्लोअर असलेली). आधीच्या मालकाने सुपरचार्जरला १५ टक्के लहान पुली टाकून ठेवलीय, गाडी पळते झकास पण जरा दामटली की टेम्परेचर चढतं आणि मग ट्रॅफिकमध्ये अडकलो की अजूनच चढतं. मित्र म्हणतो इंजिनवर फिरणारा मेकॅनिकल वॉटर पंप काढून फेक, इलेक्ट्रिक लाव, वर दहा हॉर्सपॉवर फुकट मिळतील. खरंय का हे? आणि करायचं तर सुरुवात कुठून करू?

उत्तर: दहा हॉर्सपॉवरचं आधी डोक्यातून काढा. बाकी बोलू.

तुमच्या गाडीत एक गंमत आहे जी बऱ्याच मेकॅनिकनाही माहीत नसते. २००२ ते २००६ च्या या मॉडेलमध्ये वॉटर पंपाला स्वतःची पुली नाहीच. बेल्ट फिरवतो ईटनच्या एम४५ सुपरचार्जरला, आणि सुपरचार्जरच्या मागच्या टोकाला गिअर आहेत ते पंप फिरवतात. म्हणजे पुली १५ टक्के लहान केली की सुपरचार्जर साधारण साडेसतरा टक्के जोरात फिरतो (१ भागिले ०.८५ करून बघा) आणि त्याच्या मागे पंपही तेवढाच जोरात, हे पुली टाकणारा कोणी सांगत नाही. पंपाला लागणारी ताकद स्पीडच्या घनाने वाढते, म्हणजे साडेसतरा टक्के स्पीडसाठी साठ टक्क्यांच्या वर जास्त ताकद. बरं एवढं करून पाणी तेवढं वाढेल याची खात्री नाही, कारण एका मर्यादेपुढे इम्पेलरच्या (पंपातल्या फिरत्या चक्राच्या) पात्यांपाशी प्रेशर इतकं पडतं की तिथेच वाफेचे बुडबुडे होतात, त्याला कॅव्हिटेशन म्हणतात, मग पंप नुसताच भणभणतो आणि पाती हळूहळू कुरतडली जातात. दामटल्यावर टेम्परेचर चढण्यात याचा वाटा असू शकतो.

पण ट्रॅफिकमध्ये चढतं हे पंपाचं नाही, फॅनचं लक्षण वाटतंय मला. या गाडीत फॅनच्या स्लो स्पीडचा रेझिस्टर जळतो, हा अगदी ठरलेला आजार आहे, मग फॅन डायरेक्ट हाय स्पीडलाच लागतो, तोही पाणी बऱ्यापैकी तापल्यावर. आधी ते तपासा. दुसरं म्हणजे सुपरचार्जरच्या त्या मागच्या गिअरचं तेल. ते बदलायचं कुठल्याच सर्व्हिस शेड्यूलमध्ये नाही म्हणून कोणी उघडून बघत नाही, आणि इतक्या वर्षांनी उघडलं तर आत काळा चिखल किंवा काहीच नाही. तेल संपलं की गिअर खाल्ले जातात, सुपरचार्जर फिरत राहतो पण पंप थांबतो, आणि बूस्ट (जादा हवेचा दाब) येतोय म्हणजे सगळं ठीक असं समजून माणूस गाडी चालवत राहतो. हे दोन्ही बघितल्याशिवाय इलेक्ट्रिक पंपावर एक पैसा घालू नका.

आता समजा गिअर गेलेलेच निघाले, किंवा गाडी ट्रॅकवर न्यायचीय. मग इलेक्ट्रिक पंपात अर्थ आहे, आणि तो हॉर्सपॉवरसाठी नाही, पाण्याचा फ्लो आरपीएमपासून (इंजिनच्या फिरण्याच्या वेगापासून) सुटा होतो म्हणून. आयडलला, म्हणजे गाडी नुसती चालू ठेवून उभी असताना, इंजिन भट्टीसारखं तापलेलं असताना भरपूर पाणी फिरवता येतं आणि गाडी बंद केल्यावरही पंप चालू ठेवता येतो. कल्पना काही नवीन नाही, बीएमडब्ल्यूने एन५२ इंजिनात २००४ च्या सुमारास कंपनीतूनच इलेक्ट्रिक पंप दिला होता, आणि टोयोटाच्या तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये तर इंजिनवर बेल्टच नाही.

साइझ कसा निवडायचा? डेव्हिस क्रेग कंपनीचे ८०, ११५, १५० असे पंप मिळतात, आकडा म्हणजे मिनिटाला लिटर. पण तो मोकळ्या पाइपातला फ्लो, रेडिएटर आणि इंजिन ब्लॉकमधून ढकलताना बराच कमी होतो, तेव्हा आकड्यावर जाऊ नका. अर्धं कूलंट अर्धं पाणी असं मिश्रण खरोखर मिनिटाला १०० लिटर फिरत असेल तर दर एक डिग्री फरकामागे साधारण ६ किलोवॅट उष्णता उचललं जातं, म्हणजे इंजिनने पाण्यात ६० किलोवॅट टाकले तर इंजिनच्या इनलेट-आउटलेटमध्ये १० डिग्रीचा फरक, जो चालतो. फ्लो निम्मा झाला तर २० डिग्री, आणि ते नको. तुमच्या गाडीला मी ८० वाला घेणार नाही.

पंप रेडिएटरच्या खालच्या होजमध्ये, तोंड इंजिनकडे, आणि शक्य तितका खाली बसवा. हे पंप स्वतःहून पाणी ओढून घेत नाहीत, आत हवा राहिली तर कोरडे फिरतात आणि सील जातं. जुना पंप पूर्ण काढलात तर सुपरचार्जरच्या मागचं तोंड नीट सील करणारी प्लेट लागेल, नाहीतर गिअरचं तेल बाहेर. ब्लॉककडची बाजूही बंद करायची आहेच. ज्या इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर असतो तिथे मात्र पुली काढायची सोय नसते, फक्त इम्पेलर काढून बॉडी तशीच ठेवतात. आणि ज्यांचा पंप नेहमीच्या बेल्टवर आहे त्यांनी पुली काढल्यावर सुपरचार्जर पुलीला बेल्टचा वेढा कमी तर होत नाही ना बघा, बेल्ट घसरला की बूस्ट गेला, त्या जागी आयडलर (बेल्टला नुसता आधार देणारी मोकळी पुली) टाका.

वायरिंगला जाड वायर, वेगळा फ्यूज, रिले, आणि ग्राउंड बॅटरीलाच. मोठा पंप फुल स्पीडला १० अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे १३० वॅट, अल्टरनेटरचं नुकसान धरून इंजिनवर दोनशे-सव्वादोनशे वॅटचा भार. फायदा आहे, पण दहा हॉर्सपॉवर नाही हे कळलं असेल.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी सांगतो कारण सगळे तेच शेवटी करतात. मेकॅनिकल पंप बहुतेक वेळा गळून, आवाज करून मग मरतो. इलेक्ट्रिक पंप फ्यूज उडाला की गुपचूप मरतो. तेव्हा अलार्म हवाच, आणि नुसता पाण्याच्या टेम्परेचरचा नको, पाणी पळालं की सेन्सर हवेत लटकतो आणि काटा उलट खाली येतो. सिलिंडर हेडच्या धातूला बोल्टने लावलेला सेन्सर हा जास्त भरवशाचा. हे करायची तयारी नसेल तर गिअरचं तेल बदला, मेकॅनिकल पंप ठेवा, रोजच्या गाडीला तो पुरतो.

प्रश्न: माझ्या सुपरचार्जर गाडीत कंपनीचाच एक छोटा इलेक्ट्रिक पंप आहे, तोच इंजिनला जोडला तर?

उत्तर: अजिबात नाही. तो इंटरकूलरच्या (सुपरचार्जरमधून आलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाण्याचा आहे, लहान आहे आणि त्याचं सर्किट वेगळं ठेवलंय ते मुद्दाम. इंजिनचं पाणी ९० डिग्री, ते इंटरकूलरमध्ये फिरवलंत तर हवा थंड व्हायची तिथे तापेल आणि नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकणं) सुरू होईल.

प्रश्न: इलेक्ट्रिक पंप लावल्यावर थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढायचा का? आणि गाडी बंद केल्यावर पंप चालू राहिला तर बॅटरी नाही का उतरणार?

उत्तर: टेम्परेचर बघून पंप कमी-जास्त चालवणारा कंट्रोलर लावणार असाल तर काढा. मग टेम्परेचर पंपच सांभाळतो, इंजिन गार असताना थोडा वेळ चालू थोडा वेळ बंद असं करतो, आणि मध्ये थर्मोस्टॅट बसला की दोघांची नुसती भांडणं. कंट्रोलरशिवाय पंप सतत फुल चालवणार असाल तर थर्मोस्टॅट राहू द्या, नाहीतर इंजिन कधी गरमच होणार नाही आणि पेट्रोल उगाच जाईल. हीटरची लाइन दोन्ही वेळा चालू राहिली पाहिजे, तिथेच हवा अडकते.

बॅटरीचं टेन्शन नका घेऊ. दोन मिनिटं १० अँपिअर म्हणजे एक अँपिअर-अवरचा तिसरा हिस्सा. फॅनपण सोबत चालणार असेल तर थोडं जास्त, तरी धड बॅटरीला काही फरक पडत नाही.