गेट वाल अर्धा ठेवला तर काय होतंय?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ओमानला तेलाच्या विहिरीवर कामाला आहे. गणपतीला आला तेव्हा मी उसाला पाणी सोडत होतो, बोअरच्या लाइनचा गेट वाल अर्धाच उघडलेला, तर म्हणाला आमच्याकडं असं केलंस तर दुसऱ्या दिवशी घरी पाठवतील. का म्हणून विचारलं तर ‘तिथलं वेगळं असतंय’ एवढं बोलून जेवायला बसला. मग तिथं तेल कमीजास्त करतात तरी कशानं?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : भाऊ बोलला ते बरोबर, पुढचं सांगायचा कंटाळा केला एवढंच. तुमच्या लाइनीत फार तर चार-पाच किलो प्रेशर असेल. वेलहेडचं, म्हणजे विहिरीच्या तोंडावरचं सामान 2000 पासून 20000 पीएसआयपर्यंतच्या (चौरस इंचाला पौंड) रेटिंगचं असतं, 5000 चं धरलं तरी साडेतीनशे किलो झालं, आणि वर येतं ते नुसतं तेल नसतं, गॅस, पाणी, बारीक वाळूसुद्धा. गेट अर्धं ठेवलं की ही वाळू फटीतून सँडब्लास्टिंगसारखी सुटते आणि गेटची न् सीटची (गेट जिथं टेकतं ती जागा) तोंडं खाऊन टाकते, मग ज्या दिवशी खरंच बंद करायची वेळ येते त्याच दिवशी वाल गळतो. बेळगावच्या उद्यमबागेत ज्यांनी सीटा लॅपिंग (घासून गुळगुळीत) केल्यात त्यांना हे सांगायला नको, एक ओरखडा राहिला तरी टेस्टला पास होत नाही.

म्हणून तिथं कामं वाटून दिलीत. ट्युबिंगच्या (तेल वर आणणाऱ्या पाइपच्या) डोक्यावर वालांची उतरंड असते, तिला क्रिसमस ट्री म्हणतात (झाड कुठं दिसलं कुणाला काय की). खाली दोन मास्टर वाल, मग फाटा, फाट्यावर विंग वाल, टोकाला स्वॅब वाल. हे एकतर पूर्ण उघडे नाहीतर पूर्ण बंद. बंद करताना आधी विंग, मग वरचा मास्टर, खालच्याला शक्यतो हात लावत नाहीत, कारण वरचे बिघडले तर तो बंद करून ते बदलता येतात, तोच गेला तर मग मोठंच काम निघतं.

कमीजास्त करतो तो विंगच्या पुढचा चोक. साध्या चोकात बीन म्हणून भोकाचा एक तुकडा बसवतात, भोक इंचाच्या 64 व्या भागात मोजतात. 16 नंबर म्हणजे पाव इंच, पेन्सिलसुद्धा जाणार नाही, आणि एवढ्याशा भोकातून अख्खी विहीर चालते! झिजलं की काढून दुसरं घालायचं. भोक मुद्दाम लहान ठेवतात, जोरात ओढलं की वाळू न् खालचं पाणी वर येतं, बोअर जास्त उपसल्यावर गढूळ येतंय तसंच. गॅस जास्त असला तर चोकमधून प्रेशर एकदम उतरतं, त्यानं गॅस इतका गार पडतो की पाइपवर बाहेरून बर्फ धरतो.

काही वाल हायड्रॉलिक प्रेशरनं उघडे धरलेले असतात. आग लागली, लाइन फुटली, प्रेशर गेलं की स्प्रिंग त्यांना आपोआप मिटवते, कुणी चाकाशी पळत जायची गरज नाही.

आणि आपण वाल बंद केला की वरनं पाना लावून आणखी आवळतो की नाही? तिथल्या हातानं फिरवायच्या बऱ्याच गेट वालांत उलटं करतात, पूर्ण बंद करून चाक पाव फेरा मागं घेतात, म्हणजे गेट मोकळं राहतं आणि विहिरीचं प्रेशरच त्याला सीटवर दाबून धरतं.